‘कोट जाड तितका टिकाऊ’: स्टेनलेस पेंटबॉल गनच्या त्या मेसेजला उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी तर गन सोबत आणूनच तो दाखवला, आणि वर “भाऊ, अस्संच करून द्या” असा हुकूम. जळगाव एमआयडीसीत माझं ब्लास्टिंग (वाळूचा मारा करून धातू खरडणं) आणि पावडर कोटिंगचं (रंगाची भुकटी मारून भट्टीत पिकवणं) छोटं शेड आहे. कामं बहुतेक गेट, ग्रिल, डेअरीच्या स्टँडची. पेंटबॉल म्हणजे रंग भरलेले चेंडू एकमेकांवर मारायचा खेळ; त्याची गन, म्हणजे खेळणारे जिला मार्कर म्हणतात ती, क्वचितच येते. मेसेज असा:

“स्टेनलेसची गन आयुष्यभर टिकेल अशी करायची तर अॅनोडायझिंग सगळ्यात भारी. नाही जमलं तर पावडर कोटिंग, कोट जाड तितका टिकाऊ. स्टेनलेस गंजत नाही, म्हणून आधी काही करायची गरज नाही. रंग सारखा दिसावा म्हणून हवेची बाटलीही त्याच भट्टीत टाका. पेंटबॉलचा रंग कोट खातो, खेळ झाला की थिनरने पुसा.”

बाटलीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, हिच्यात माणूस जाऊ शकतो. चेंडू उडवायला लागणारी हवा या बाटल्यांत 3000 किंवा 4500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने भरतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असते, यावरून अंदाज घ्या. अॅल्युमिनियमच्या बाटलीची ताकद तिला कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. पावडर पिकवायची भट्टी 180 ते 200 अंशांवर चालते, आणि तेवढ्या तापात ती ताकद उतरायला लागते. कार्बन फायबर गुंडाळलेल्या बाटलीत तर धागे धरून ठेवणारं रेझिनच बिघडतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. छान चकचकीत बाटली घरी जाते आणि पुढच्या भरणीला फुटू शकते. ‘रिकामीच तर आहे’ हे उत्तर चालत नाही. बिघाड धातूत होतो, हवेत नाही. मी बाटली शेडच्या आतही घेत नाही. रंगीत हवी तर कापडी कव्हर मिळतं.

आता अॅनोडायझिंग. हा गैरसमज कुठून आला ते कळतं. फोटोंत दिसणाऱ्या लाल, निळ्या, जांभळ्या मार्कर अॅल्युमिनियमच्या असतात. अॅनोडायझिंगमध्ये अॅल्युमिनियमचाच ऑक्साइड त्याच्या अंगावर वाढवतात, त्याच्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात. स्टेनलेसवर असा थर येतच नाही. गंधकाच्या तिजाबाच्या त्याच टाकीत त्याला वीज लावली तर रंग चढायच्या ऐवजी धातू झिजतो. एअरगन डिझाइन्स कंपनीच्या ऑटोमॅगसारख्या जुन्या मार्करचं मुख्य अंग स्टेनलेसचं आहे, त्यामुळे हा प्रश्न नेमका जुन्या गनवाल्यांनाच पडतो. आपली गन कशाची हे ओळखायला पोरं लोहचुंबक लावून बघतात. उपयोग नाही. 304 ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही आणि अॅल्युमिनियमलाही नाही. हातात तोलून बघा. तेवढ्याच आकाराचं स्टेनलेस जवळजवळ तिप्पट जड लागतं.

‘कोट जाड तितका टिकाऊ’ हे गेटला बऱ्यापैकी लागू आहे. गेटमध्ये चेंडू जात नाही.

पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा बसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेंटबॉल 0.68 कॅलिबरचा, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास, आणि नळी त्याच्या मापाला इतकी जवळची की खेळणारे वेगवेगळ्या बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, नळ्या बाळगतात. नळीत 70 मायक्रॉन चढला तर बोअर 0.14 मिलिमीटरने कमी. आट्यांचं तर विचारूच नका. 60 अंशांच्या आट्यावर थर चढला की मापात फरक थराच्या चौपट पडतो, म्हणजे 70 मायक्रॉनचे 0.28 मिलिमीटर. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. पहिल्याच मार्करला आटे झाकायचे राहिले आणि नळी दीड फेऱ्यावर अडकली. डाय (आटे पाडायचं हत्यार) लावून आटे साफ करताना कोट पापुद्र्यासारखा निघाला, आणि गनचा मालक समोर स्टुलावर बसून ते बघत होता. पैसे मागायचं धाडस मला झालं नाही.

पावडर धारदार कडेवरून वितळताना मागे सरकते, त्यामुळे थर नेमका तिथेच पातळ राहतो जिथे गन आपटते. आतल्या कोपऱ्यांत ती धड जातच नाही. म्हणून स्टेनलेस मार्करला रंगच हवा असेल तर भट्टीत पिकवायचा पातळ सिरॅमिक कोट बरा. सेराकोटचं नाव ऐकलं असेल. तो 25 मायक्रॉनच्या आसपास बसतो आणि त्याचा नेहमीचा प्रकार 120 अंशांवर पिकतो. तरी बोअर, आटे, ओ-रिंगच्या (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या) जागा झाकायच्याच, आणि रबर, स्प्रिंग, प्लास्टिक आधी काढून ठेवायचं. त्याहून कडक हवं तर पीव्हीडी. निर्वात पेटीत दोन-चार मायक्रॉनचा थर बसवतात. त्यातला टायटेनियम नायट्राइड इतका सोन्यासारखा दिसतो की आमच्या सराफ बाजारात क्षणभर कुणी वळून बघेल. पण तो ओरखडे लपवत नाही. खाली जसं पॉलिश तसंच वर दिसतं.

काळ्या रंगासाठी काही जण बंदुकीचं ब्ल्यूइंग, म्हणजे गरम क्षारांत बुडवून काळं करणं, सुचवतात. ते साध्या पोलादाचं काम, स्टेनलेसला त्या क्षारांत तसा रंग धरत नाही.

‘आधी काही करायची गरज नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा माझ्याकडे यावं. स्टेनलेस वाचतं ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की वर ऑक्साइडचा अदृश्य थर आपोआप येतो. तोच थर गुळगुळीतही असतो, त्यामुळे खडबडीत ब्लास्टिंग न करता कोट मारला तर तो नखाने निघतो. त्यातही एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर, वापरलेली वाळू किंवा लोखंडी ब्रश स्टेनलेसला लावला की लोखंडाचे कण आत रुततात आणि पावसाळ्यात हळदीच्या बोटांसारखे डाग उमटतात. घाम आणि फरशीचं अॅसिड यांतल्या क्लोराइडने बारीक खड्डेही पडतात. म्हणून स्टेनलेसचं मीडिया, म्हणजे ब्लास्टिंगची वाळू, वेगळ्या पिंपात ठेवायचं. मग लिंबाच्या फुलाचं, म्हणजे सायट्रिक अॅसिडचं, 4 ते 10 टक्क्यांचं पाणी करून त्यात निदान 20 मिनिटं बुडवायचं आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं. पाण्याचं तापमान 21 ते 49 अंश लागतं. जळगावात मे महिन्यात शेगडीची गरज नाही.

राहिला पेंटबॉलचा रंग. जिलेटीनच्या कवचात मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकोल असतं, पाण्याने धुतलं जातं. कोट खातं ते थिनर, आणि ओ-रिंग फुगवतं तेही थिनरच. ओलं फडकं पुरतं.

धुळ्याहून आलेल्या पोराला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मंग कलर नकोच का, भाऊ?” मी त्याची गन बारीक पट्ट्याने एकाच दिशेने ब्रश करून, लिंबाच्या फुलातून काढून दिली, रंग शून्य. ओरखडा पडला तर हिरव्या घासणीने त्याच दिशेने दोन-तीन हात मारायचे, भट्टी नको की मी नको. फक्त घासणी नवी घ्यायची. घरची तारेची आणि कढई घासलेली, दोन्ही नकोत.