“समुद्र उघडाच आहे, ऑक्सिजन जाईल कुठे?” – फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रातला ऑक्सिजन घटतोय ही निव्वळ भीती, लाटा सतत हवा मिसळतात, शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, दोन टक्के घट म्हणजे मोजमापातली गडबड, आणि नागपूरकरांचा समुद्राशी संबंधच काय? मी रसायनशास्त्र शिकवते. मुलांकडून तलावाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजून घेणं माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून गप्प राहवलं नाही.

लाटा हवा मिसळतात, हे खरंच आहे. पण वाऱ्या-लाटांचा जोर वरच्या थरापुरता. खोल पाण्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः थंड प्रदेशातलं जड पाणी बुडून खाली पसरतं तेव्हा. समुद्र तापला की दोन्हीकडून मार बसतो. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो: गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. शिवाय तापलेलं पाणी हलकं होऊन खालच्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालचे जिवाणू मात्र वरून पडणारे मेलेले जीव कुजवताना तिथे उरलेला ऑक्सिजन संपवतच राहतात. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीचा पट्टा असाच, जवळजवळ ऑक्सिजनविना आहे. तो मुळात नैसर्गिक आहे, मान्य. काळजी आहे ती जगभरचे असे पट्टे पसरत असल्याची.

“शेवाळ ऑक्सिजन तयार करतं.” करतं, उन्हात. मे महिन्यात हिरव्यागार झालेल्या तलावाचं पाणी दुपारी मोजा, ऑक्सिजन भरपूर दिसेल. तेच पाणी पहाटे मोजा. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, मेलेलं शेवाळ कुजतं, आणि उजाडायच्या वेळी रोहू-कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतात. मरळ तेवढी तगते, कारण ती थेट हवेतून श्वास घेऊ शकते. समुद्रात ऊन वरच्या शंभर-दोनशे मीटरपर्यंतच पोचतं. त्याखाली ऑक्सिजन तयार होतच नाही, फक्त खर्च होतो. आपल्या श्वासाची हवा संपणार नाही, एवढं मात्र खरं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. गुदमरतात ते मासे.

दोन टक्क्यांचं म्हणाल, तर हा आकडा २०१७ साली जर्मनीतल्या कील इथल्या शास्त्रज्ञांनी मांडला: १९६० पासूनच्या ५० वर्षांत जगभरच्या समुद्रांतला ऑक्सिजन दोन टक्क्यांहून जास्त घटला. ही सरासरी आहे. काही ठिकाणी घट कितीतरी मोठी आहे. ईशान्य अटलांटिकच्या उष्ण भागात याच काळात ट्यूना आणि मार्लिनसारख्या माशांना वावरण्याजोगं पाणी सुमारे १५ टक्क्यांनी आक्रसलं. आणि मोजमाप? पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंक्लरची पद्धत १८८८ पासून आहे. बुडबुडा न राहू देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो, नसेल तर पांढराच राहतो. मग आम्ल, स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब थायोसल्फेट; ते जितकं लागेल त्यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. बीएस्सीची मुलंही हे नीट करतात. या पद्धतीला गडबड म्हणायचं तर आधी एकदा करून बघावं.

राहिला नागपूरचा संबंध. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपलं सांडपाणी आणि धान-कपाशीच्या शेतांतून वाहिलेला युरिया याच वाटेने निघतो. काही वाटेत जिरतं, उरलेलं समुद्रात शेवाळ पोसतं. त्या उपसागराच्या मधल्या थरांत ऑक्सिजन आधीच नाममात्र उरलाय. तो संपत आला की जिवाणू ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या नायट्रेटवर (नायट्रोजनच्या क्षारावर) जगू लागतात, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. उष्णता अडवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत तो वाढत्या प्रमाणात तयार होत असल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच मांडलं होतं.