काका, अल्टरनेटरचं तुमचं बरोबर आहे, ट्युब्युलरचं नाही

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि दोन दिवस तशीच ठेवली, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता आणि रागात उत्तर द्यायचं नव्हतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांनी सांगलीला तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की कॅम्परला, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीला, लिथियम बॅटरी म्हणजे पैशाची नासाडी, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड ॲसिड बॅटरी) टाकली की भागतं, लिथियम पेटते, आणि कॅम्परमध्ये लिथियम बसवण्यावरचा माझा लेख वाचून पोरं आपापल्या गाडीचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) जाळून घेतील.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो पूर्णपणे बरोबर आहे. मी त्या लेखात लिहिलं होतं की जुनी बॅटरी काढा, त्याच जागी लिथियम बसवा, बाकी वायरिंगला हात लावायची गरज नाही. हे वाक्य चूक होतं, काका. नुसतं अपुरं नाही, चूक. ते मी आता काढलंय आणि का काढलं ते लेखाच्या वरच लिहिलंय. ज्या कुणी ते वाचून तसं केलं असेल त्यांनी आधी एक काम करा, स्टार्टरच्या बॅटरीकडून फ्रिज-पंखे चालवणाऱ्या दुसऱ्या बॅटरीकडे येणारी रिलेची (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची) वायर आज काढून टेप मारून ठेवा, आणि डीसी टू डीसी चार्जर (दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसून करंट आवरणारा) येईपर्यंत फक्त सोलरवर नाहीतर घरच्या चार्जरवर चालवा. खालचं नंतर वाचलंत तरी चालेल.

हे मला कसं कळलं ते लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, म्हणून आता लिहितो. लिथियम बसवल्यावर तिसऱ्याच ट्रिपला खंबाटकी घाटात अडकलो होतो, साताऱ्याकडे जाताना, तासभर गाडी दहा-दहा फूट पुढे. आदल्या दोन दिवसांत बॅटरी चांगलीच उतरलेली. बायको म्हणाली, अहो जळका वास येतोय. मला वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल. पण वास आमचाच होता, तो वाइंडिंगच्या वार्निशचा जरा गोडसर, घशाला लागणारा वास तुम्हाला मी काय सांगू. गाडी बाजूला घेऊन झाकण उघडलं तर अल्टरनेटरच्या जाड वायरच्या लगवरची (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडावरची) लाल स्लीव्ह चॉकलेटी झालेली, आणि बोटाने दाबली तर पिठासारखी दबली. क्लॅम्प मीटर लावला, इंजिन नुसतं आयडलला आणि बॅटरी ५५ अँपिअर ओढतेय. आठवड्याने अल्टरनेटरची डायोड प्लेट गेली.

कारण सरळ आहे. लेड ॲसिड जसजशी भरते तसतशी स्वतःच कमी करंट घेते, अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियमचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी की ती जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढं ओढत राहते. अल्टरनेटरच्या प्लेटवर लिहिलेला आकडा हा तास न् तास द्यायचा आकडा नसतो, आणि आयडलला तर त्याचा पंखाही हळू फिरतो. म्हणजे वारा सगळ्यात कमी आणि घाटात गाडी उभी, अशा वेळी त्याच्याकडून आपण जास्तीत जास्त मागतोय. मध्ये ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर टाकला की तो बॅटरीला ३० च्या पुढे देतच नाही, आणि लिथियमला हवं ते १४.२ ते १४.६ व्होल्ट तोच बनवून देतो. आता माझ्याकडे तो आहे, घाटात तासभर उभं राहिलो तरी अल्टरनेटर जास्त तापत नाही.

म्हणून मी आता म्हणतो की बॅटरी सगळ्यात शेवटी घ्या. आधी फ्यूज, मग केबल आणि क्रिम्पिंग, मग चार्जर, मग शंट असलेला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) मॉनिटर, आणि पैसे उरले की बॅटरी. फ्यूजबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे लोक शंभर-दोनशे रुपये वाचवतात. लिथियम शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर देते, आणि म्युझिक सिस्टिमवाल्यांकडे मिळणारा साधा फ्यूज वितळतो पण आतला आर्क, म्हणजे ठिणगी, चालूच राहू शकतो. असा आर्क तोडणारा क्लास टी फ्यूज मिळवा, बॅटरीच्या प्लसपासून जितका जवळ बसवता येईल तितका बसवा. लग हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्पर नसेल तर पॅनेलवाल्याकडे नेऊन दाबून आणा. आणि मॉनिटर अशासाठी की लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ १३.२-१३.३ वरच बसून राहतं, व्होल्टमीटर बघून किती उरलीय ते कळत नाही, आणि मग एकदम अंधार.

आता ट्युब्युलर. इथे मी तुमच्याशी सहमत नाही आणि हे मी लिथियमच्या कौतुकापोटी म्हणत नाही, आधीची दोन वर्षं माझ्याकडे ट्युब्युलरच होती. आई आमच्याबरोबर येते, तिचं इन्सुलिन गाडीतल्या १२ व्होल्टच्या फ्रिजमध्ये असतं. गुहागरला जूनच्या सुरुवातीला दोन दिवस आभाळ. दुसऱ्या रात्री बॅटरी मोजली तर १२.१ होती, वाईट नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होताना ती ११.६ ला पडायची आणि फ्रिज स्वतःच्या प्रोटेक्शनने बंद व्हायचा, पाच मिनिटांनी परत प्रयत्न करायचा, परत बंद. सकाळी उघडून बघितलं तर आतलं तापमान २६. ती पेनं टाकून दिली आणि आईला घेऊन चिपळूणपर्यंत मेडिकल शोधत गेलो. त्या सकाळी ती एकदाही काही बोलली नाही, नुसती खिडकीतून बाहेर बघत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे. मी लिथियमकडे वळलो ते त्या दिवशी.

हिशोब बघा ना. फ्रिज दिवसाला साधारण ३५ अँपिअर-तास, दोन पंखे रात्रभर मिळून तेवढेच, दिवे-मोबाइल धरून ८० च्या आसपास. १५० ची ट्युब्युलर निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात ७५. एक ढगाळ दिवस आणि खेळ खलास. त्यात तो १५० चा आकडा २० तासांत हळूहळू काढायचा, इंडक्शन लावून १०० अँपिअर ओढले तर तेवढी मिळतच नाही. माझी २०० ची लिथियम ८० टक्के वापरली तरी १६० देते, वजन २३ किलो, ती ट्युब्युलर ५५ किलोच्या वर होती आणि उचलताना माझ्या मेहुण्याची पाठ धरली होती. अजून एक, सोलरवर लेड ॲसिडचे शेवटचे वीस टक्के भरायला तास न् तास लागतात, तोवर ऊन जातं, रोज अर्धवट भरलेली राहते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. तुमच्या दुकानात अशा किती आल्या असतील ते तुम्हीच सांगा.

आणि काका, ट्युब्युलर घराच्या गॅलरीत ठेवायची वस्तू आहे. आपण जिथे झोपतो त्या बेडखाली ॲसिड हेलकावे खाणार, चार्जिंगला हायड्रोजन सुटणार, यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. लेडच हवी असेल तर सीलबंद एजीएम (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) घ्या, तिलाही बाहेर हवा जायची वाट ठेवा.

पेटण्याचं. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात धानोरीला भर रस्त्यात ई-स्कूटर पेटली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, भीती बसणं साहजिक आहे, माझ्या आईने तर तो तीनदा दाखवला मला. पण लिथियम म्हणजे एकच पदार्थ नाही. स्कूटरमध्ये वजन कमी हवं म्हणून बऱ्याचदा निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले सेल असतात. कॅम्परला आपण घेतो ते लिथियम आयर्न फॉस्फेट. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे आग आतूनच पोसली जाण्याचा प्रकार खूप कमी. (हा पदार्थ १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून जगापुढे आला, गुडइनफ यांच्याबरोबर त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत, मला याचं फार अप्रूप वाटतं.) पेटतच नाही असं मी म्हणणार नाही, सेल फुटला तर त्यातूनही जळणारा वायू येतो. पण कॅम्परमध्ये मला जास्त भीती वाटते ती ढिल्या लगची आणि नसलेल्या फ्यूजची, आणि ती भीती तुमच्या ट्युब्युलरलाही तेवढीच लागू आहे.

लिथियमची खरी कमजोरी तुम्ही लिहिलीच नाहीत, ती थंडी. ऑक्टोबरात हिमाचलमधल्या काझाला पहाटे बाहेर उणे सात, बेडखाली सेलचं तापमान १ अंश. पॅनेलवर लख्ख ऊन आणि चार्जिंग शून्य, कारण माझ्या बीएमएसची (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची) मर्यादा ५ अंशांवर ठेवलेली आहे. ते योग्यच होतं. शून्याच्या खाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी धातू होऊन वर बसतं, ते नुकसान भरून येत नाही. वापरायला हरकत नाही, भरायची नाही. स्वस्तातल्या कित्येक बॅटऱ्यांना हे कटऑफच नसतं, विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा, उत्तर गोल गोल आलं तर दुकानातून बाहेर पडा. आणि बॅटरी गाडीच्या खाली लटकवू नका, आत ठेवा, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यातही सायलेन्सरच्या धगीपासून लांब राहते.

पैशाचं तुमचं अर्धं बरोबर. वर्षाला आठ-दहा रात्री बाहेर काढणाऱ्याने लिथियम घेऊ नये, एजीएम आणि एक पॅनेल पुरे, हे मी लेखात आता घातलंय. आम्ही वर्षाला साठ-सत्तर रात्री गाडीत असतो, आमचं गणित वेगळं.

आता एक तुम्हालाच विचारायचंय, खरंच अडलोय. तुम्ही लिहिलंत की इन्व्हर्टरची अर्थ बॉडीला मारू नका, मायनसची वेगळी केबल ओढा. मी इन्व्हर्टरला ७० स्क्वेअर एमएमची वेगळी ओढलीय, पण डीसी टू डीसी चार्जरचा मायनस अजून चेसिसवरच आहे, पेंट घासून, स्टार वॉशर टाकून. पावसाळ्यानंतर तिथे हिरवट-पांढरं धरलं होतं, ०.३ व्होल्ट पडत होते, घासल्यावर ०.०५ वर आलं. इथेही वेगळी केबल ओढू का नुसतं पेट्रोलियम जेली लावून दर वर्षी बघत राहू? दिवाळीनंतर कोल्हापूरला जायचंय, चालणार असेल तर वाटेत दुकानावर गाडी घेऊन येतो, तुम्ही स्वतः मीटर लावून बघा.