फणसाच्या लाकडाच्या, लहान मुलांच्या छोट्या खुर्चीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की बैठकीला चार ठिकाणी चिरा पडल्यात आणि त्या बुजवून माल गळ्यात मारलाय, कुठे एक स्क्रू नाही, रंग डागाळला, खुर्ची टेबलाला बुटकी पडते आणि 2,400 रुपये म्हणजे लूट आहे. हे बाकीचेही वाचतात, म्हणून फोन न करता इथेच लिहितो.

आधी चिरांचं. फोटोत ज्यांना लाल गोल केलेत त्या काळ्या रेघा म्हणजे पाचरी आहेत. खुर्चीचा पाय बैठकीच्या फळीतून आरपार वर काढलेला असतो. त्याच्या टोकाला करवतीने खाच द्यायची आणि तिच्यात वरून शिसवी पाचर ठोकायची. टोक भोकातल्या भोकात रुंदावतं आणि पाय सुटून येत नाही. ही पाचर फळीच्या लाकडातल्या रेषांना (धाग्यांना) आडवीच मारावी लागते. रेषांच्या दिशेने मारली तर फळी उभी फाटते. फोटो मोठा करून बघा, चारही रेघा एकाच दिशेला आहेत आणि बरोबर पायांच्या डोक्यावर आहेत. चिरा इतक्या शिस्तीत पडत नाहीत हो.

स्क्रू नाही तोही याचसाठी. आमच्या कुडाळच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लोखंड मात्र आहे तेवढंच राहतं. दोन-तीन पावसाळ्यांत स्क्रूचं भोक सैल होतं आणि पोर बसलं की खुर्ची कुरकुरते.

रंग आम्ही लावलेलाच नाही. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, उजेड लागला की हळूहळू तपकिरी होत जातं. तुम्ही बैठकीवर गादी बांधलीत, म्हणून तिच्याखालचा चौकोन पिवळा राहिला आणि कडा गडद झाल्या. गादी काढून ठेवा, नंतर तोही गडद होईल. कडक उन्हात मात्र ठेवू नका, तिथे खरंच चिरा पडतील.

आता उंची. ऑर्डर घेताना आम्ही मुलाच्या गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं माप मागितलं, त्यावर तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, ‘खुर्ची आहे की शर्ट?’ ताई, खुर्चीला माप शर्टापेक्षा जास्त लागतं. शर्ट ढगळ झाला तर बाही दुमडता येते. बैठक उंच झाली की पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, मग मूल पुढे सरकून कडेवर बसतं आणि खुर्ची उलटवतं. तुमच्या मिस्टरांनी साडेनऊ इंच कळवलं, आम्ही साडेनऊच केली. तीन वर्षांच्या पोराला तेवढीच लागते. बसल्यावर कोपर जिथे येतं साधारण तिथे टेबल हवं, म्हणजे 16 इंचांच्या आसपास. तुमचं टेबल 22 इंच आहे, ते शाळकरी मुलाचं. नवीन घेऊ नका, घरात जुना बुटका टीपॉय असेल तर तोच पुढे ओढा. आणि पायांना ठोकळे जोडून उंची वाढवायचा बेत असेल तर तो सोडा. पाय बाहेरच्या बाजूला कलते ठेवलेत ते मूल कडेवर उभं राहिलं तरी कलंडू नये म्हणून. खाली सरळ ठोकळे ठोकलेत तर तो सगळा हिशेब बिघडतो.

किंमत जास्त वाटली तर वाटू शकते. प्लास्टिकची स्वस्त मिळते, आम्ही ती विकत नाही.

एकच गोष्ट कळकळीने सांगतो. शेवटी तुम्ही लिहिलंय की माळ्यावरच्या जुन्या ऑइल पेंटने खुर्ची रंगवून टाकणार. तसं करू नका. पोरं कडा चावतात, म्हणून आम्ही जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण एवढंच लावतो. घरगुती रंगात शिसं, म्हणजे विषारी धातू, 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं ही सक्ती नोव्हेंबर 2017 पासून आहे. त्याआधीच्या डब्यात किती असेल याचा भरवसा नाही. रंगवायचीच असेल तर नवा डबा आणा आणि त्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचून घ्या.

एवढं वाचूनही खुर्ची नको असेल तर या महिनाअखेरपर्यंत परत पाठवा, पैसे देतो, पार्सलचा खर्च आमचा. फक्त रंग लावलेली असेल तर परत घेता येणार नाही.