डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

"या गोळ्या बाहेरून सेरोटोनिन भरतात, मग मेंदू स्वतः बनवायचं बंद करतो" असा मेसेज फिरतोय. तसं नाहीये. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रसायन. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांमध्ये सेरोटोनिन नसतंच, आणि असतं तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पेशीने सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढणारं एक प्रोटीन असतं, ट्रान्सपोर्टर, ते सोडियमच्या जोरावर चालतं, आणि गोळी नेमकी त्याच्या खाचेत जाऊन बसते म्हणून मेंदूचंच सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ राहतं. २०१६ मध्ये या प्रोटीनची औषधासकट रचनाच प्रसिद्ध झालीय, त्यात हे स्पष्ट दिसतं. असले मेसेज वाचून कोणी अचानक गोळ्या सोडल्या तर चक्कर, बेचैनी, आजार उलटणं असं काहीही होऊ शकतं, मला खरी काळजी त्याचीच वाटते. प्लीज तो पुढे पाठवू नका, गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारूनच करा.