नवी प्रजाती काढू इच्छिणाऱ्यांस सूचना

भाऊबंदांशी नातं कायमचं तोडायचंय? डोंगर आडवा घाला, बेटावर जा, असले खर्चिक सल्ले ऐकू नका. अर्न्स्ट मायर यांच्यासारखे उत्क्रांतीचे मोठे जाणकारही भूगोलाच्या भिंतीवाचून प्रजाती फुटणं अवघडच, असं म्हणत राहिले. तुम्ही फक्त जेवायची जागा बदला.

शंकेखोरांनी अमेरिकेतली सफरचंदाची फळमाशी पाहावी. मूळची ही हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या लालचुटुक फळांवर वाढलेली. युरोपीय लोकांनी सफरचंदं नेऊन लावली आणि १९व्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्ककडच्या हडसन खोऱ्यातल्या काही माश्यांना ते परकं ताट आवडलं. इथे नवी प्रजाती घडत असावी, असं कीटकतज्ज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी १८६७मध्येच सुचवलं. माश्यांनी ते मनावर घेतलं.

आता युक्ती नीट समजून घ्या. यांच्यात बघण्याचा कार्यक्रम फळावरच होतो. नर फळावर ठाण मांडून बसतो, मादी अंडी घालायला तिथेच येते. म्हणजे फळ बदललं की स्थळंच बदलली! त्यात सफरचंद पिकतं ३-४ आठवडे आधी, आणि माशीचं प्रौढपण जेमतेम महिनाभराचं. तुम्ही मांडवात पोचेस्तोवर तिकडच्या पंगती उठलेल्या असतात. ना भांडण, ना अबोला, ना कोर्टकचेरी.

तरी पाघळणारे असतातच. दर पिढीला ४ ते ६ टक्के जनुकांची ये-जा चालूच राहते. घाबरू नका, अवेळी कोशातून बाहेर पडणाऱ्याचा हिशेब हंगाम परस्पर करतो. संकरित पोरांचं तर नाकच घोटाळ्यात पडतं. बहुतेकांना ना सफरचंदाचा वास धड ओढतो, ना हॉथॉर्नचा. फळच सापडेना, तर जोडीदार कुठला?

(माणसांनी मात्र या फंदात पडू नये. गोत्र, पत्रिका, पोटजात, ‘अनुरूप वधू पाहिजे’ एवढा खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या करूनही आपल्याला वेगळी प्रजाती काही जमलेली नाही. पळून जाऊन लग्न केलेल्यांची पोरंही आजोबांच्या पेन्शनवर हक्क सांगण्याइतकी धडधाकट निघतात.)

एक खबरदारी तेवढी घ्या: नवा पत्ता कुणाला देऊ नका. या माश्यांच्या अळ्यांत अंडी घालणारी एक परजीवी गांधीलमाशी त्यांच्यामागोमाग सफरचंदावर पोचली. आता तिच्यातही सफरचंदवाल्या आणि हॉथॉर्नवाल्या अशा दोन चुली झाल्यात.