वीस गुणांचा नवरा

कॅनडा सरकारच्या हिशेबात माझ्या इंग्रजीची किंमत जास्तीत जास्त २० गुण आहे. एकूण १२०० पैकी. बायकोच्या इंग्रजीला १२८ पर्यंत मिळू शकतात, कारण तिकडे कायमचं राहायला जाण्याचा अर्ज तिचा आहे. मी त्या अर्जाला मागून टाचलेला कागद.

हे वीसही सरसकट मिळत नाहीत. ऐकण्याचे ५, वाचण्याचे ५, लिहिण्याचे ५ आणि बोलण्याचे ५. त्यासाठी आयईएलटीएस नावाची परीक्षा द्यायची, फी पंधरा हजारांच्या वर. बायको म्हणाली, "वीस म्हणजे वीस. वयाचे गुण दर वर्षी गळतायत, पंचेचाळीसला शून्य होतात. कुठून तरी भरून काढायला नकोत?" वय तिचं मोजणार होते, पण हे बोलताना ती माझ्या केसांकडे बघत होती. मी मुकाट्याने फॉर्म भरला.

मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. शिक्षण मराठी माध्यमात, त्यामुळे इंग्रजीची नि माझी पहिली गाठ पाचवीत पडली. आमच्या वर्गातला राम तेव्हापासून आंबा खात होता. सातवीपर्यंत त्याने तो साध्या वर्तमानकाळात खाल्ला, मग चालू, मग पूर्ण. आठवीत कर्मणी प्रयोग आला आणि आंबाच रामाकडून खाल्ला जाऊ लागला. त्या आंब्याची कोय एवढ्या वर्षांनी माझ्या घशात अडकेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

घरी शिकवणीला चिरंजीव होते. आठवीत, इंग्रजी माध्यम. पहिल्याच दिवशी माझा निबंध बघून म्हणाला, "बाबा, यात एकही 'द' नाहीये." आता 'द' ही काय वस्तू आहे? मराठीत आपण सरळ म्हणतो, आई बाजारात गेली. कुठली आई, कुठला बाजार, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. नसलं तर तो विचारतो. इंग्रजांना एवढा धीर नाही. मी आधी निबंध पूर्ण लिहायचो आणि मग उपम्यावर कोथिंबीर भुरभुरावी तसे त्यावर 'द' भुरभुरायचो. चिरंजीव ते एकेक करून वेचून काढायचा. शाळेत जायचं तर 'गो टु स्कूल', पण बँकेत जायचं तर 'गो टु द बँक'. का? तर म्हणे, "ऐकायला तसंच बरं वाटतं." व्याकरणाचं हे असलं स्पष्टीकरण आमच्या सरांना दिलं असतं तर मी बाकावर उभा राहिलो असतो.

शब्दसंग्रहासाठी आठवडाभर एका क्लासला गेलो. तिथले सर 'गुड' आणि 'इम्पॉर्टंट' हे शब्द उच्चारले की दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. 'क्रूशियल' म्हणा, भरपूरला 'प्लेथोरा' म्हणा. मी फ्रिजवर, आरशावर आणि देवघराच्या दारावर चिठ्ठ्या लावल्या. देवघरावरची आईने अर्ध्या तासात काढली. एका थकबाकीदाराला फोनवर सांगून पाहिलं, की तुमच्या हप्त्यांचा प्लेथोरा झालाय. तो घाबरून म्हणाला, "साहेब, जप्ती सोडून काहीही करा." त्याने त्याच आठवड्यात दोन हप्ते भरले. या शब्दाचा झालेला हा एकमेव उपयोग.

पण माझा खरा घात केला तो वाचनाने. ६० मिनिटं, ४० प्रश्न. त्यात एक प्रकार असा, की उतारा वाचायचा, खाली दिलेलं विधान बघायचं आणि लिहायचं: ट्रू, फॉल्स, किंवा नॉट गिव्हन. म्हणजे बरोबर, चूक, किंवा उताऱ्यात याबद्दल काही सांगितलेलंच नाही.

सरावाला पहिलाच उतारा कुठल्याशा पोहण्याच्या तलावाच्या सूचनाफलकाचा होता. १२ वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस हवं, टोपी घाला, वगैरे. विधान: मुलांना तिकीट कमी दरात मिळते. मी ठणकावून ट्रू लिहिलं. उत्तर होतं नॉट गिव्हन.

"असं कसं? लहान मुलांना अर्धं तिकीट असतंच."

"उताऱ्यात कुठे लिहिलंय?" बायको.

"ते लिहायला कशाला पाहिजे? एसटीत पाच ते बाराला अर्धं तिकीट असतं की नाही?"

"हा तलाव आहे. एसटी नाहीये."

"तलाव एसटीपेक्षा महाग असणार का?"

तिने पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. मग माझा आजवरचा आजार तिने मला समजावून सांगितला. म्हणे, तुला वाचता येतं, इंग्रजीही बऱ्यापैकी येतं. तुला येत नाही ते फक्त 'मला माहीत नाही' म्हणणं.

हे मात्र अन्यायाचं होतं. माझ्या अख्ख्या खानदानात ते कुणालाच येत नाही. आमच्या वडिलांना कुणी पत्ता विचारला आणि त्यांनी सांगितला नाही असं कधी घडलेलं नाही. तो माणूस तिथे पोहोचला की नाही, हा भाग वेगळा. पुण्यात कोपऱ्यावर उभं राहून "हे कार्यालय कुठं आलं हो?" असं विचारून बघा. "मला कल्पना नाही" म्हणणारा भेटला तर तो बाहेरगावचा समजावा. इथे माणूस दोन क्षण आभाळाकडे बघेल आणि मग "सरळ जा, सिग्नलला डावीकडे" सांगेल. शिवाय जाता जाता तुम्ही आलात तो रस्ताच कसा चुकीचा होता, तेही ऐकवेल.

त्या दिवसापासून घरात नॉट गिव्हनचा सुळसुळाट झाला. मी दूध उतू गेलं म्हणून सांगितलं, की चिरंजीव विचारणार, "गॅस कुणी चालू ठेवला? नॉट गिव्हन." बायकोने ऑफिसातून "उशीर होईल" एवढाच मेसेज टाकला आणि मी खिचडी टाकू का विचारलं, तर उत्तर आलं, "मेसेजमध्ये आहे का?" आईला वाटलं, नॉट गिव्हन हे कुणाचं तरी आडनाव आहे. ख्रिश्चन असावेत, असा तिचा अंदाज.

लिखाणातलं पत्र मला जमेल असं वाटलं होतं. रजेच्या अर्जांवर हात बसलेला. शेजाऱ्याला आवाजाबद्दल पत्र लिहा, किमान १५० शब्द. आमच्याकडे शेजाऱ्याच्या आवाजाबद्दल पत्र लिहीत नाहीत, आपला आवाज त्याच्यापेक्षा मोठा करतात. तरी लिहिलं. नाव माहीत नसेल तर 'युवर्स फेथफुली', नाव माहीत असेल तर 'युवर्स सिन्सिअरली'. म्हणजे अनोळखी माणसाशी एकनिष्ठ राहायचं आणि ओळखीच्याशी नुसतं प्रामाणिक. आपलं 'कळावे, लोभ असावा' सगळ्यांना चालतं; शेजाऱ्याला तर फारच.

ऐकण्याची परीक्षा मला सोपी गेली, आणि त्याचं श्रेय माझ्या थकबाकीदारांना आहे. ध्वनिफीत एकदाच लागते आणि त्यातली बाई हमखास शब्द फिरवते: "गुरुवारी येते... नाही, थांबा, शुक्रवारी." नवखी पोरं गुरुवार लिहून मोकळी होतात. मी तेवीस वर्षं हेच ऐकतोय. पहिला दिलेला वार मी कधीच लिहून घेत नाही.

बोलण्याची परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाली. समोर एक गोरी, शांत बाई. एक विषय देतात, तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल, आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. विषय आला: तुम्ही एखाद्याला मदत केलीत असा प्रसंग सांगा. त्या एका मिनिटात मी कागदावर मराठीत एवढंच लिहिलं: 'लॉ कॉलेज रोड, इनोव्हा, सातारा पासिंग.'

मग सांगितलं. एका संध्याकाळी लग्नाची मंडळी गाडी थांबवून कार्यालयाचा पत्ता विचारत होती. मला ते कार्यालय माहीत नव्हतं. पण मांडीवर नवरदेवाचा फेटा सांभाळत बसलेल्या आजोबांनी इतक्या आशेने बघितलं, की मी हातवारे करून पूर्ण रस्ता सांगितला. वीस मिनिटांनी तीच गाडी उलट दिशेने माझ्यासमोरून गेली. आजोबांनी मला ओळखलं. 'द' सगळे चुकले असतील, काळ तर तीन-चार मिसळले असतील, पण आजोबांचा चेहरा सांगताना मला एकही शब्द शोधावा लागला नाही. बाई हसली. तिने विचारलं, "मग तुम्ही माहीत नाही असं का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "मॅडम, दॅट वुड बी रूड."

निकाल आला, बँड नावाच्या गुणांत. ऐकणं ७.५, वाचन ६, लेखन ६, बोलणं ७. कॅनडाच्या कोष्टकात ऐकण्याच्या पाचसाठी ८ लागतात, म्हणजे तिथे अर्ध्या बँडने हुकलं. ३ अधिक ३ अधिक ३ अधिक ५, एकूण १४. मी वसुलीतला माणूस, लगेच भागाकार केला: एका गुणाला हजाराच्या वर पडले. आणि निकालाची मुदत दोन वर्षं. मुदत ठेवीसारखीच, फक्त व्याज नाही आणि मुदतीनंतर मुद्दलही जातं.

बायको म्हणाली, "बोलण्याला पूर्ण पाच? तुला?" आईने वीसपैकी चौदा म्हणजे सत्तर टक्के, असा हिशेब करून चितळ्यांचे पेढे आणवले आणि मजल्यावर वाटायला निघाली. बायकोचा अर्ज अजून लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलाय. डिग्रीच्या तपासणीचा पत्ता नाही. बोलावणं येईल की नाही, ते तर देवालाच ठाऊक.

समोरच्या काकू दारात पेढा घेत विचारत होत्या, "मग, कधी निघताय?"

"दिवाळी झाली की लगेच," आईने सांगितलं. "टोरांटोला. स्टेशनच्या जवळच घर बघतायत."