रिव्हॉल्व्हर घेताय? मग तो ‘पाच सूत्रां’चा मेसेज आधी बाजूला ठेवा

सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पाच सूत्रांचा एक मेसेज फिरतोय, ‘सामान्य माणसाने रिव्हॉल्व्हर कसं निवडावं’. थोडक्यात तो असा: आत्मसंरक्षण हा घटनेनं दिलेला हक्क आहे, त्यामुळे परवाना कुणी अडवू शकत नाही. हत्यार जितकं छोटं आणि हलकं तितकं उत्तम. बाईमाणसासाठी तर ‘निर्भीक’ हे हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं आणि पर्समध्ये टाकावं. पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर कधीच नाही, आणि त्याला सेफ्टीही लागत नाही, म्हणून काडतुसांची सहाही घरं भरून बिनधास्त कमरेला लावावं. .३२ मापाची गोळी हे खेळणं आहे, ओळख असेल तर जास्त जोराचं नऊ एमएम बघावं. आणि शेवटी, चालवायची वेळ येतच नाही, नुसतं दाखवलं की काम होतं. एकदा घेतलं की जन्माची काळजी मिटली.

लिहिणाऱ्याला बंदुकांची नावं पाठ आहेत, एवढं मान्य. पण रोज अंगावर बाळगायचं हत्यार बहुतेक मालकांच्या हातून आयुष्यभरात कुणावर एकदाही झाडलं जात नाही. त्याचं खरं रोजचं काम वेगळंच असतं: गाडीत बसताना, वाकताना, संडासला जाताना, रात्री कपाटात ठेवताना ते सुटता कामा नये. निवड करायची ती आधी याच कसोटीवर. सबंध मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही.

घटनेचं आधी उरकून घेऊ. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कायद्यात आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. पण तो हक्क हातात जे असेल त्याने बचाव करण्याचा आहे, बंदूक मिळण्याचा नाही. बंदूक येते १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली. तिथे वय २१ पूर्ण लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि सबळ कारण आहे असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावं लागतं. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरांत हा अधिकारी पोलीस आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी. २०१६च्या शस्त्र नियमांनी त्यात सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही आणलं. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या घटनेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात नोंदवलं. तेव्हा ‘कुणी अडवू शकत नाही’ हे वाक्य घेऊन आयुक्तालयात जाऊ नका. तिथला कारकूनही हसेल.

आता ‘छोटं आणि हलकं’. हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की दुकानात गेलेला माणूस हत्यार तळहातावर तोलून पाहतो आणि तिथेच ठरवून मोकळा होतो. पण गोळी सुटताना बसणारा झटका वजनच खातं. तीच गोळी हलक्या हत्यारातून मारली की मनगटाला जास्त हिसका बसतो, नळी जास्त उचलली जाते आणि दुसरी गोळी कुठे जाईल याचा नेम राहत नाही. वर नळी आखूड म्हणजे पुढचं आणि मागचं निशाण जवळजवळ आलं, त्यामुळे हाताची बारीकशी थरथरही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. सरावलेला नेमबाज हे सांभाळून घेतो. पण मेसेज ज्याला हे घ्यायला सांगतोय तो सरावलेला नाही.

‘निर्भीक’चंच बघा. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं ते आणलं. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन साधारण अर्धा किलो, .३२ची सहा काडतुसं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि पेटी दागिन्यांच्या डबीसारखी. डबी कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे! हत्यार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मात्र बाई म्हणजे हलकी बंदूक, हे समीकरण उलटं आहे. अडचण बहुधा वजनाची नसतेच, ती असते चापाची. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा हातोडा, चाप ओढूनच उचलायचा तर बोटाला दहा-बारा पौंडांचा, म्हणजे साडेचार-पाच किलोंचा जोर लावावा लागतो. ज्याची पकड कमकुवत आहे, मग ती तरुणी असो की सत्तरीचे आजोबा, त्याला तो जोर झेपत नाही. मग तो अंगठ्यानं घोडा आधी मागे ओढून ठेवतो. आता चाप अगदी हलका झालेला असतो, हात कापत असतो, आणि धोका टळला तर तो ताणलेला घोडा भरल्या काडतुसावर हळूच खाली सोडायचा असतो. घामेजल्या अंगठ्यानं. नको असलेला बार उडायला याहून चांगली सोय नाही.

म्हणून दुकानात वजन बघण्याआधी डमी राऊंड (बारूद नसलेली खोटी काडतुसं) घालून, नळी सुरक्षित दिशेला धरून, फक्त चाप ओढून बघा. एका हातानं, नेम न हलवता, लागोपाठ सहा वेळा. जमलं तर पुढचं बोला. २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेलं ‘प्रबल’ ६७५ ग्रॅमचं आहे, आणि त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, बाजूला उघडतं; सरकारी कारखान्यांची जुनी .३२ रिव्हॉल्व्हरं मात्र ब्रिटिश वेब्लीच्या घाटणीची, मधून मोडून उघडणारी. पावणेदोनशे ग्रॅम जास्त आहेत म्हणून ते नाकारण्यात काही अर्थ नाही. चांगला रुंद पट्टा आणि बेताचं होल्स्टर (हत्यार खोचायचं म्यान) असलं की तो फरक कमरेला दोन दिवसांत कळेनासा होतो.

पर्सचं मात्र गंभीर आहे. रस्त्यात हिसकावली जाणारी पहिली वस्तू पर्सच. तीच हॉटेलात खुर्चीला अडकवली जाते, लग्नात मावशीकडे सांभाळायला दिली जाते, आणि घरी आल्यावर नातवंडं चॉकलेटसाठी तीच उचकतात. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हेडन गावच्या एका मोठ्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि त्याच गोळीनं आई गेली. ती पर्स हत्यार बाळगण्यासाठीच बनवलेली होती, वेगळ्या कप्प्याची. साडीला किंवा कुर्त्याला पट्टा नसतो ही अडचण खरी आहे. मग बॅग अंगावर तिरकी अडकवलेली हवी, तो कप्पा फक्त हत्याराचा हवा, आत चाप झाकणारं होल्स्टर हवं आणि बॅग अंगावेगळी करायची नाही. हे पाळणं होणार नसेल तर घेऊच नये.

शिवाय ती बॅग जिची, परवाना तिच्याच नावाचा हवा. नवऱ्याच्या लायसनचं रिव्हॉल्व्हर बायकोच्या पर्समध्ये गेलं की दोघंही कायद्याच्या कचाट्यात. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

सगळ्यात घातक सूत्र तिसरं. ‘रिव्हॉल्व्हरला सेफ्टी लागत नाही, सहाही घरं भरा.’ १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा जुहूच्या घरून कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि सुटलेली गोळी त्याच्या पायात शिरली, असं त्याच्या व्यवस्थापकानं तेव्हा सांगितलं. घरात ना चोर, ना झटापट. हत्यार ठेवतानाच घात झाला.

जुन्या घाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकतो. हत्यार घोड्यावर आपटलं तर तेवढ्या दणक्यानं बुडातली टिकली, म्हणजे बारूद पेटवणारी प्रायमर, फुटू शकते. १८७३च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन मालक सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत, ते याच भीतीनं. नंतरच्या चांगल्या बनावटींत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये पोलादी पट्टी आडवी राहते आणि चाप पूर्ण ओढल्यावरच बाजूला होते. तुम्ही घेताय त्यात अशी सोय आहे का, हे विक्रेत्याला तोंडावर विचारा आणि उघडून दाखवायला लावा. आजोबांकडून आलेलं किंवा जुनं विकत घेतलेलं असेल तर परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय त्यात काडतूस घालू नका. बिजागरी सैल झालेली, घोड्याचा खटका झिजलेला, अशी कितीतरी हत्यारं कपाटांतून पडून आहेत. आणि ती आडवी पट्टी नसेल, तर तपासल्यावरही पाचच भरा.

‘पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर नाही’ यात निम्मं तथ्य आहे. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून खराब काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. नवख्यानं रिव्हॉल्व्हर घ्यावं असं मीही म्हणतो, ते याच एका कारणानं. पण रिव्हॉल्व्हर अडकलं की मात्र जागच्या जागी दुरुस्त होत नाही. रिकामी टरफलं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली बारूदाचा कचरा साचला, एखादी टिकली जराशी वर आलेली असली, की सिलिंडर फिरतच नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, पावसाळ्यात, घामानं भिजलेल्या पट्ट्याला लावलेलं लोखंड बघता बघता गंजतं. आठवड्याला पुसणं-तेल देणं ज्याला कंटाळवाणं वाटतं त्यानं कुठल्याही बनावटीवर भरवसा ठेवू नये.

होल्स्टरबद्दल तर मेसेज गप्पच आहे. ‘कमरेला लावावं’ म्हणजे काय? नुसतं पँटीत खोचणं हे पुढाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्यांचं फॅशन आहे. चापाची कडी पूर्ण झाकणारं, घट्ट, त्याच हत्याराच्या मापाचं होल्स्टर हवं, कारण शर्टाचं टोक किंवा दोरी चापात अडकली तरी बार उडतो. कायदाही तेच मागतो: २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात राहील अशीच न्यायची असते. म्हणजे झाकून नेणं ही आपल्याकडे हौस नाही, अट आहे.

.३२ला खेळणं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. पंचवीस मीटर सेंटर फायर या पिस्तूल स्पर्धेत जगभरचे नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, म्हणजे आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरचंच काडतूस आवडीनं वापरतात. जसपाल राणानं २००६च्या दोहा आशियाई खेळांत ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच स्पर्धेत. जोर नऊ एमएमपेक्षा बराच कमी आहे, हे खरं. पण हँडगनची कुठलीच गोळी माणसाला सिनेमासारखी उडवत नाही. ती कुठे लागते यावर सगळं ठरतं. एफबीआयनं १९८६च्या मायामी चकमकीनंतर जास्त जोराची काडतुसं घेतली, आणि तीसेक वर्षांनी पुन्हा नऊ एमएमवर आली, कारण कमी झटक्याच्या हत्यारानं बहुतेक एजंटांचा नेम आणि वेग दोन्ही सुधारत होते.

आपल्याकडे तर हा वादच मोडीत निघतो. नऊ एमएम आणि .३८ हे निषिद्ध बोअर (नळीची मापं) आहेत, सामान्य माणसाला त्यांचा परवाना मिळत नाही. ‘ओळख असेल तर’ मिळणारं नऊ एमएम म्हणजे बेकायदा हत्यार, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बाळगल्याची शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे. त्यापेक्षा एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरला लांबडं, रुंद कडेचं एस अँड डब्ल्यू लाँग, पिस्तुलाला आखूड .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका.

‘नुसतं दाखवलं की काम होतं.’ हो, तुमच्यावर गुन्हा दाखल होण्याचं काम. चारचौघांत हत्यार परजायला नियमांतच बंदी आहे, परवान्याची अट मोडली म्हणून कलम ३० लागतं, धमकीचं कलम वेगळं. हळदीत हवेत बार काढलात तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि समोरचा पळाला नाही तर? ज्याला झाडायचं नाही त्यानं बाहेर काढायचं नाही, एवढा साधा हिशेब आहे. जीव घेण्यापर्यंतचा बचाव मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा ठरावीक प्रसंगांतच चालतो. नुसती चोरी करून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही.

राहिली ‘जन्माची काळजी’. परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक लागली की ठाण्यातून जमा करण्याची नोटीस येऊ शकते, म्हणजे वातावरण तापलेलं असतानाच हत्यार घरी नसतं. विमानात केबिनमध्ये नेता येत नाही, कोर्टात आणि मेट्रोत तर नाहीच. परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, त्यातलीच सरावाला वापरायची. आणि परवानाधारक वारला की ते हत्यार घरात ठेवणंही बेकायदा होतं. कलम २१प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेरावं उरकल्यावर माळ्यावर रिव्हॉल्व्हर सापडलं म्हणून धावपळ करणारी घरं गावोगाव आहेत. घेणारच असाल तर परवाना कुठे ठेवलाय, किल्ली कुठे आहे आणि जमा कुठे करायचं, हे घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला आधी सांगून ठेवा.